रानतुळस कोणती?

कोल्हापुराहून पुण्याच्या रस्त्यानें उत्तरेकडे निघालें म्हणजे वाठारपाशीं उजव्या हातास पेठ वडगांवचा फांटा फुटतो. वारणा आणि पंचगंगा ह्या दोन नद्यांच्या मधला हा हातकणंगले तालुक्याचा मुलूख उसाच्या मळ्यांनीं हिरवागार दिसतो. सेनापति धनाजी जाधवांची समाधि ह्याच गांवीं आहे, आणि येथील आठवड्याचा बाजारही पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. परंतु आज आपणांस मला मळ्यांत, समाधीपाशीं किंवा बाजारांत न्यावयाचें नसून, मळ्यांच्या बांधांवर, ओढ्यांच्या कांठीं, रस्त्याच्या कडेला आणि आळते-रामलिंगाच्या बाजूच्या मुरमाड पडीक जमिनीवर न्यावयाचें आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धांत अशा ठिकाणीं एक सुगंधी रोप उगवलेलें आढळतें. चालतांना त्याला पाय लागला कीं वास दरवळतो. तें कोणतें म्हणून गांवांत कोणासही विचारलें तर बहुधा एकच उत्तर येतें : "ती होय? ती रानतुळस."

अडचणीस आरंभ होतो तो येथेंच. कारण बांधावरच्या एका रोपाला हें नांव मिळालें, तर दोन शेतें ओलांडून माळावर गेल्यावर त्याहून अगदीं वेगळ्या रोपालाही तेंच नांव दिलेलें ऐकूं येतें. दोन्ही रोपें सुगंधी आहेत, दोन्ही आपोआप उगवणारीं आहेत, दोहोंचीं खोडें चौकोनी आहेत. पण एक आपल्या मुलखांतील जुनी रहिवासी आहे, तर दुसरी सातासमुद्रांपलीकडून आलेली आहे. एक बांधाच्या कडेला चार वीत जागेंत समाधानानें राहते, दुसरी माळच्या माळ व्यापून टाकते.

नांवाचा हा गोंधळ केवळ पंडितांच्या वादाचा विषय असता तर मीं आपला वेळ घेतला नसता. त्याचे परिणाम तीन ठिकाणीं दिसतात. पहिलें ठिकाण म्हणजे स्वयंपाकघर. खोकला-पडसें झालें असतां काढ्यांत टाकण्यासाठीं कोणी बाहेरून "रानतुळस" आणवितें, आणि हातांत काय पडलें आहे ह्याची खात्री कोणीच करीत नाहीं. दुसरें ठिकाण म्हणजे गायरान. तेथें मारवेल, पवना ह्यांसारखें चाऱ्याचें गवत कमी होऊन हें दुसरें रोप वाढूं लागलें कीं गुरांची व शेरडा-मेंढरांची उपासमार होते, कारण जनावरें त्याला तोंड लावीत नाहींत. तिसरें ठिकाण म्हणजे आपलें मन. तुळस म्हटली कीं ती उपटण्यास हात धजत नाहीं, आणि केवळ ह्या नांवाच्या आडोशानें एक परकें तण निर्धास्त वाढत राहतें. म्हणून खरी रानतुळस कोणती, व तिचें नांव घेऊन राहणारी दुसरी कोणती, हें ओळखण्याची सोपी रीति मी आज सांगणार आहें.

प्रथम तुळशीचें कुळ कसें ओळखावें तें पाहूं. त्याचीं चार लक्षणें आहेत. कोवळें खोड बोटांत धरून फिरविलें तर चार कडा लागतात. पानें समोरासमोर जोडीनें येतात, आणि एक जोडी पूर्व-पश्चिम असली तर तिच्या वरची जोडी दक्षिणोत्तर असते. फुलाच्या पाकळ्या एकत्र जुळून त्यांचे वरचा व खालचा असे दोन ओठ झालेले असतात. आणि फूल गळून गेल्यावर मागें राहिलेल्या पुष्पकोशांत, म्हणजे फुलाच्या हिरव्या वाटींत, मूळचे चार कण असतात. त्यांनाच आपण बिया म्हणतों. पुदिना, ओवा म्हणून कुंडींत लावतात तें जाड पानांचें रोप, शेतांतील पांढऱ्या फुलांचा तुंबा, नारिंगी गेंदांची दीपमाळ, हीं सारीं ह्याच कुळांतलीं. उलटपक्षीं घाणेरीचेंही खोड चौकोनी व पान उग्र वासाचें असतें. पण तिच्या फुलांचे रंगीबेरंगी झुपके आणि काळीं रसाळ फळें पाहिलीं म्हणजे ती ह्या कुळांतली नव्हे हें तत्काळ कळतें.

आतां आपल्या अंगणांतल्या वृंदावनाकडे या. रानांतील अनोळखी रोप मोजण्यास घरची तुळस हीच उत्तम मोजपट्टी आहे. तिची एक पिकलेली मंजिरी खुडून घ्या आणि शक्य तर एखाद्या भिंगाखालीं धरा. मधल्या दांड्यावर मजल्यामागून मजले असावेत त्याप्रमाणें फुलांचीं वर्तुळें दिसतील. प्रत्येक वर्तुळांत सामान्यतः सहा फुलें, एका बाजूस तीन व दुसऱ्या बाजूस तीन. आतां एकच पुष्पकोश पाहा. तो लहानशा देंठावर खालीं वाकलेला असतो. त्याचा वरचा ओठ रुंद, गोलसर व एखाद्या छपरासारखा असतो, आणि खालच्या ओठाला दांते असून त्यांतले मधले दोन लांब व टोंकदार असतात. फुलांतले पुंकेसर खालच्या पाकळीवर विसावलेले असतात. पुष्पकोशाचें हें वांकलेलें छप्पर नीट ध्यानांत ठेवा. आजच्या साऱ्या प्रकरणाचा निकाल त्यावर लागावयाचा आहे.

घरच्या तुळशीचें शास्त्रीय नांव ओसिमम् टेन्युइफ्लोरम्. लिनिअस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञानें हें नांव १७५३ सालीं दिलें. पुढें १७६७ सालीं त्यानेंच ओसिमम् सँक्टम्, म्हणजे पवित्र तुळस, असें दुसरें नांव दिलें व तेंच लोकांत अधिक रूढ झालें; परंतु आधींचें नांव ग्राह्य धरावयाचें ह्या नियमानें आज पहिलें नांव मानतात. हिरवट पानांची ती राम आणि जांभळट पानांची ती कृष्ण, हा आपला भेद एकाच जातींतल्या दोन प्रकारांचा आहे.

आतां बांधावर जाऊं. तेथें वीतभरापासून दोन-अडीच वितींपर्यंत उंचीचें, बुंध्यापासूनच फांद्या फुटलेलें, एक वर्षायु रोप आपणांस भेटतें. खोडावर बारीक लव असते. पानें लहान, साधारणतः दोन ते पांच सेंटिमीटर लांब, मध्यें रुंद व दोन्ही टोंकांकडे निमुळतीं. देंठाकडे तर तीं चिंचोळीं होत जातात. पानाची कड साधी किंवा थोड्याशा बोथट दांत्यांची असते, आणि उजेडासमोर धरल्यास त्यांत तैलग्रंथींचे बारीक ठिपके दिसतात. फांद्यांच्या शेंड्यांवर सडसडीत मंजिऱ्या येतात आणि त्यांत फुलांचीं वर्तुळें एकमेकांपासून कांहींशा अंतरावर असतात. फुलें बारीक व पांढरीं, क्वचित् फिकट गुलाबी झांक असलेलीं. पुष्पकोश जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा, केंसाळ, पण घडण तुळशीसारखीच : खालीं वाकलेला, वर छप्पर, खालीं दोन लांब दांते. आंत काळे, लांबट, अगदीं बारीक असे चार कण. ही आपली खरी रानतुळस. शास्त्रीय ग्रंथांत हिला ओसिमम् अमेरिकॅनम् म्हणतात. जुन्या पुस्तकांत ओसिमम् केनम् असें नांव आढळेल, तेंही हिचेंच.

आतां माळाकडे वळूं. येथें उभें असलेलें रोप पाहतांच पहिला फरक उंचीचा दिसतो. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, चांगली माती मिळाल्यास माणसाच्या डोक्याइतकेंही हें वाढतें, आणि एकटें क्वचितच असतें. त्याचे ताटवेच्या ताटवे असतात. खोडावरची लव राठ व हाताला लागणारी. पानें रुंद, अंडाकृति, कडेला दांतेरी. खालचीं मोठीं पानें आठ-दहा सेंटिमीटरपर्यंत लांब, देंठही लांब, आणि देंठापाशीं पानाचा तळ गोलसर किंवा हृदयाच्या आकृतीसारखा आंत वळलेला. फुलें निळसर जांभळीं, आणि तीं शेंड्यावरच्या सडसडीत मंजिरींत नसून पानांच्या बगलांमधून दोन-दोन, चार-चार अशा लहान झुपक्यांनीं येतात.

आतां पुष्पकोश पाहा. येथें वांकलेलें छप्पर नाहीं. दहा ठळक शिरांची एक लहानशी नळी, आणि तिच्या तोंडाशीं सारख्या लांबीचे, सुईसारखे ताठ असे पांच कांटे. फळ धरल्यावर ही नळी सुमारें एक सेंटिमीटरची होते व वाळून कडक बनते. आंत चारांपैकीं बहुधा दोनच कण पोसतात. ते चपटे, तिळाएवढे व टोंकाशीं खांच असलेले असतात. श्रोतेहो, ही तुळस नव्हे. ती तुळशीच्या कुळांतली आहे एवढें खरें, पण नात्यानें बरीच दूरची. हिचें प्रसिद्ध शास्त्रीय नांव हिप्टिस् स्वॅव्हिओलेन्स. अलीकडच्या वर्गीकरणांत तिला मेसोस्फीरम् ह्या वंशांत घातलेलें आहे. तिचें माहेर अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत. कोठें कोठें तिला विलायती तुळस म्हणतात, आणि मला वाटतें, आपणही तेंच नांव चालवावें म्हणजे घोटाळा टळेल.

हिप्टिस् हें नांव ग्रीक भाषेंतील "उलटलेला" ह्या अर्थाच्या शब्दावरून आलेलें आहे, आणि तें सार्थ आहे. फुलाचा खालचा ओठ लहानशा पिशवीसारखा असून त्यांत पुंकेसर ताणून धरलेले असतात. माशी येऊन बसली कीं ती पिशवी एकदम खालीं उलटते, पुंकेसर सुटतात आणि परागाचा शिंतोडा माशीच्या अंगावर उडतो. ताज्या फुलाला गवताच्या काडीनें हळूच स्पर्श केल्यास हा चमत्कार आपणांस व आपल्या मुलांस प्रत्यक्ष पाहतां येईल. एका फुलांत हा खेळ एकदांच होतो.

नांवांच्या इतिहासांत मात्र एक मोठी गंमत झालेली आहे. आपल्या खऱ्या रानतुळशीला लिनिअसनें १७५५ सालीं "अमेरिकॅनम्" हें विशेषण दिलें. वास्तविक ती आफ्रिका व आशिया ह्या जुन्या जगांतली आहे, अमेरिकेंतली नव्हे. पण नांव एकदां पडलें तें पडलें. शास्त्राच्या नियमाप्रमाणें तें बदलतां येत नाहीं. अशा रीतीनें देशी रोपाच्या नांवांत अमेरिका आली, आणि जें रोप खरोखर अमेरिकेंतून आलें त्याला आपण "रानतुळस" हें घरगुती नांव बहाल केलें. पुस्तकांत नुसतें नांव वाचून कोणी निर्णय करूं लागला तर तो उलटाच व्हावयाचा. म्हणून रोप हातांत घेऊनच निर्णय करावा.

पुष्कळजण म्हणतील कीं, एवढा खटाटोप कशाला? वासावरून ओळखतां येत नाहीं काय? वासाची मदत होते, पण त्याच्यावर संपूर्ण भिस्त ठेवतां येत नाहीं. ह्या कुळांतील वास पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींतील उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. घरच्या तुळशींत युजेनॉल नांवाचें द्रव्य असतें. लवंगेचा वासही मुख्यतः त्याचाच. खऱ्या रानतुळशींत एकच एक तेल नसतें. एका ठिकाणच्या रोपांस लिंबासारखा वास येतो, कारण त्यांत सिट्रल असतें, जें गवती चहांतही आहे. दुसऱ्या ठिकाणच्या रोपांस कापरासारखा वास येतो. रोप दिसण्यांत तेंच, वास मात्र निराळा. विलायती तुळशीचा वास उग्र, कांहींसा पुदिन्याकडे झुकणारा. तो कोणास आवडतो, कोणाचें डोकें उठवितो. तिच्या नांवांतील स्वॅव्हिओलेन्स ह्या लॅटिन पदाचा अर्थ "गोड वासाची" असा आहे. तेव्हां वास हा नाकागणिक बदलणारा पुरावा समजावा आणि पुष्पकोश हा कायम पुरावा समजावा.

दुसरी एक फसवी कसोटी पाण्याची. सब्जाचें बीं पाण्यांत टाकलें कीं तें फुगून त्याभोवतीं बुळबुळीत पांढरट वेष्टण येतें, हें फालुदा करणाऱ्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. रानतुळशीचेंही बीं तसेंच फुगतें. परंतु विलायती तुळशीचें बींही फुगतें. मेक्सिकोंत तें भाजून, दळून त्याचें पेय करतात. म्हणून बीं फुगलें ह्यावरून ती तुळसच असा निष्कर्ष काढूं नये. बियांचा आकार व संख्या पाहावी : खसखशीहून थोडे मोठे, लांबट, काळे चार कण असले तर रानतुळस; तिळाएवढे, चपटे, खांचेचे दोन असले तर विलायती.

ओघानेंच आलें म्हणून आणखी तीन बहिणींची ओळख करून देतों, कारण त्याही कधीं कधीं परसांतून बाहेर पडून रानांत दिसतात. पहिली सब्जा, ओसिमम् बॅसिलिकम्. हिचीं पानें मोठीं, गुळगुळीत व तकतकीत. वासांत अनेकदां बडीशेपेची छटा. दुसरी ओसिमम् ग्रॅटिसिमम्. ही पुरुषभर वाढणारी झुडपासारखी, बहुवर्षायु, पानें लांब, टोंकदार व कडेला करवती, वास लवंगेचा. हिला आपल्याकडे रामतुळस म्हणतात, आणि हिरव्या पानांच्या घरगुती तुळशीलाही रामतुळसच म्हणतात. म्हणजे नांवाचा घोटाळा येथेंही आहेच. पण उंची व पानाचा आकार पाहिला तर दोहोंत गल्लत होण्याचें कारण नाहीं. तिसरी कापूर तुळस, पूर्व आफ्रिकेंतून आणलेली. करड्या लवेचीं पानें चुरगाळलीं कीं कापराचा स्वच्छ वास येतो. ह्या तिघींचाही पुष्पकोश खालीं वांकलेला व छपराचाच असतो. त्या तुळशी आहेत हें त्यावरूनच ठरतें.

आपल्या पूर्वजांनीं ह्या सुगंधी वनस्पतींतले भेद ओळखले नव्हते असें नाहीं. सुश्रुतसंहितेंत सुरसादि नांवाचा एक गणच आहे. त्यांत सुरसा, श्वेतसुरसा, फणिज्झक, अर्जक अशीं निरनिराळीं नांवें दिलेलीं आहेत. ह्यांतील सुरसा म्हणजे तुळस ह्याविषयीं फारसा वाद नाहीं. पण अर्जक कोणता, फणिज्झक कोणता, ह्याविषयीं टीकाकारांत व अलीकडील वैद्यांतही एकमत नाहीं. एका नांवाखालीं एका प्रांतांत एक रोप वापरलें जातें, दुसऱ्या प्रांतांत दुसरें. नुसत्या नांवावर विसंबल्यानें ज्ञान कसें विस्कटतें ह्याचें हें उदाहरण आहे. पुढें पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक ह्यांनीं मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ ह्या काळांत प्रसिद्ध केला, आणि प्रत्येक जातीचें पान, फूल, फळ ह्यांचें मोजमाप देण्याची शिस्त आपल्या भागासाठीं घालून दिली. खुद्द कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवर शिवाजी विद्यापीठांतील डॉ. यादव व डॉ. सरदेसाई ह्यांचा ग्रंथ २००२ सालीं निघाला. ज्यांना ह्या विषयांत पुढें जावयाचें असेल त्यांनीं तो अवश्य चाळावा.

आतां विलायती तुळस आली ती पसरली कशी हें सांगतों. तिच्या पुष्पकोशाचे ते पांच कांटे केवळ शोभेचे नाहींत. वाळलेला कोश गुरांच्या अंगाला, मेंढरांच्या लोकरीला, आपल्या धोतर-लुगड्यांना व पायमोज्यांना चिकटतो आणि एका माळावरून दुसऱ्या माळावर फुकट प्रवास करतो. वडगांवसारख्या बाजाराच्या गांवीं जेथें चारी दिशांनीं जनावरें येतात व जातात, तेथें अशा प्रवाशाची किती सोय होत असेल ह्याची कल्पना करावी. पाण्याबरोबर व गाड्यांच्या चाकांच्या चिखलाबरोबरही बीं जातें. पावसाच्या पहिल्या सरींनीं दाटीवाटीनें रोपें उगवतात आणि गवताच्या कोंबांवर सावली धरतात. खालचें गवत पिवळें पडतें. पुढच्या वर्षीं तेथें गवत कमी व हें रोप अधिक, असा क्रम चालू राहतो. उन्हाळ्यांत तिचे वाळलेले सांगाडे उभे राहतात. माळाला आग लागली तर तेच इंधन होतात. गाजरगवतानें १९५० नंतरच्या दशकांत आपल्याकडे पाय रोंवल्यापासून काय केलें हें सर्वांस माहीत आहे. त्याला निदान कोणी तुळस तरी म्हणत नाहीं.

न्यायाच्या दृष्टीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, विलायती तुळस ही विषवल्ली म्हणून प्रसिद्ध नाहीं. आफ्रिकेंत व आपल्याकडेही कोठें कोठें डांस घालविण्यासाठीं तिचा धूर करतात, धान्याला कीड लागूं नये म्हणून तिचा पाला वापरतात. मधमाश्याही तिच्या फुलांवर येतात. तथापि तुळशीचे म्हणून जे गुण आपण ऐकलेले आहेत, ते तिच्या अंगीं असतील असें गृहीत धरून ती काढ्यांत घालणें हें शहाणपणाचें नाहीं. किंबहुना खऱ्या रानतुळशीच्या बाबतींतही, औषध म्हणून घ्यावयाची असल्यास जाणत्या वैद्याचा सल्ला घ्यावा. विशेषतः लहान मुलें व गरोदर स्त्रिया ह्यांच्या बाबतींत घरगुती प्रयोग करूं नयेत. साध्या पडशाखोकल्यास वृंदावनांतलीं चार पानें आहेतच. त्यासाठीं माळ धुंडाळण्याचें कारण नाहीं.

मग करावें काय? ज्यांची शेती किंवा मोकळी जागा आहे त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, विलायती तुळस केवळ बियांवरच पसरते. म्हणून ती फुलांवर येण्यापूर्वीं, म्हणजे श्रावण-भाद्रपदांत जमीन ओली असतांना, मुळासकट उपटावी. त्या वेळीं ती सहज निघते. कार्तिकांत तुळशीचें लग्न लागतें तोंवर तिचे कोश वाळूं लागलेले असतात, आणि तेव्हां उपटून ओढीत नेणें म्हणजे स्वतःच्या हातानें पेरणी करणें होय. उशीर झालाच तर शेंडे कापून, पोत्यांत भरून एका जागीं नष्ट करावे. जमिनींत पडलेलें बीं मागें राहतें, म्हणून एका वर्षानें थांबूं नये. ओळीनें कांहीं वर्षें हें केलें पाहिजे. आणि हें करतांना बांधावरच्या त्या लहान, पांढऱ्या फुलांच्या रोपाला मात्र धक्का लावूं नये. ती कोणाची जागा बळकावीत नाहीं, आणि मधमाश्यांना तिचा आधार असतो.

शहरांतल्या घरांनाही ह्यांत करण्यासारखें कांहीं आहे. सुट्टींत गांवीं गेलांत तर मुलांकडून ह्या दोन रोपांचे नमुने करवून घ्या. फुलें व पिकलेले पुष्पकोश दोन्ही असलेली फांदी घ्यावी. वर्तमानपत्राच्या घडींत नीट पसरून ठेवावी. वर जड पुस्तकें ठेवावींत. आणि आठ-दहा दिवस रोज कागद बदलावा, नाहींतर बुरशी येते. वाळल्यावर जाड कागदावर दोऱ्यानें टांके घालून बसवावी आणि खालीं गांव, तारीख, जमिनीचा प्रकार, रोपाची उंची, फुलाचा रंग व ताज्या पानाचा वास लिहून ठेवावा. रंग आणि वास हे वाळल्यावर राहत नाहींत, म्हणून ते त्याच वेळीं लिहिणें अगत्याचें. हल्लीं मोबाईलवर छायाचित्र दाखविलें कीं वनस्पतीचें नांव सांगणारीं साधनें निघालेलीं आहेत. तीं जरूर वापरावींत, पण नुसत्या पानांचें चित्र देऊं नये. पुष्पकोशाचें जवळून घेतलेलें चित्र द्यावें, आणि आलेलें उत्तर आपल्या डोळ्यांनीं पडताळून पाहावें.

शेवटीं सारी ओळख थोडक्यांत पुन्हा सांगतों, म्हणजे कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या श्रोत्यांना टिपून घेतां येईल. रानतुळस : उंची गुडघ्याच्या आंतबाहेर, पान लहान, देंठाकडे निमुळतें, फुलें पांढरीं, शेंड्यावरच्या मंजिरींत, पुष्पकोश खालीं वांकलेला, वर छप्पर, कण चार. विलायती तुळस : उंची कमरेच्या वर; पान रुंद, तळाशीं गोल किंवा हृदयाकृति; फुलें निळसर जांभळीं, पानांच्या बगलेंत; पुष्पकोश दहा शिरांचा, पांच ताठ कांट्यांचा; कण बहुधा दोन.

ह्यापुढें आपण वडगांवच्या बाजूस किंवा दुसऱ्या कोठेंही माळावर गेलांत, आणि कोणी बोट दाखवून "ही रानतुळस" म्हणालें, तर क्षणभर थांबून पुष्पकोश उलटा करून पाहा, आणि जें दिसेल तें त्या सांगणाऱ्यासही दाखवा.